आत्मव्यक्तिचित्र

चित्रकार, मूर्तिकार वा छायाचित्रकार याने स्वतःच्याच रूपाचे केलेले चित्रण म्हणजे आत्मव्यक्तिचित्र होय. ‘स्वव्यक्तिचित्र’, ‘आत्मचित्र’ अशा संज्ञाही मराठीत या अर्थी वापरल्या जातात. सर्वसामान्य व्यक्तिचित्रात चित्र काढणारा आणि ज्याचे चित्र काढावयाचे तो, अशा दोन व्यक्ती असतात. आत्मव्यक्तिचित्रात त्या एकच असतात व पूर्ण झालेल्या चित्रापुढे उभा राहणारा प्रेक्षक नेमका त्याच जागी असतो, जेथे चित्र काढताना आरसा होता. त्यामुळे कलाकृतीत तिच्या कर्त्याचे प्रतिबिंब कितपत पडते आणि गेलेला काळ कलाकृतीतून कोणत्या रूपाने आपणांपर्यंत पोहोचतो, या कलामीमांसेतील दोन जुन्या प्रश्नांचा विचार या चित्रप्रकाराच्या आधारे विशेष स्पष्टपणे करता येतो.

कर्ता आणि कृती : प्रत्येक चित्रकार स्वतःलाच रंगवतो, अशा आशयाची एक म्हण पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये प्रचलित होती. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याने या प्रवृत्तीची गणना दोषांत केली. ज्या चित्रकाराचे हात ओबडधोबड असतात, तो आपल्या चित्रांतील माणसांनाही तसेच हात देतो. म्हणून चित्रकाराने स्वतःच्या शरीरातील उणिवा ओळखून त्या चित्रात उतरू नयेत याची दक्षता घ्यावी, असा त्याचा उपदेश होता. कर्त्याचे प्रतिबिंब त्याच्या इच्छेवाचूनही कृतीत उमटते, हे या उपदेशात गृहीतच धरलेले आहे. रेषेचे वळण, कुंचल्याचा दाब, रंगलेपाची जाडी यांवरून तज्ञ एखाद्या चित्राचा कर्ता ओळखू शकतात, ते याच कारणामुळे. तथापि असे नकळत उमटलेले प्रतिबिंब आणि हेतुपूर्वक घडविलेली स्वतःची प्रतिमा या दोन गोष्टी भिन्न होत. आत्मव्यक्तिचित्रात त्या एकत्र येतात व पुष्कळदा परस्परांशी विसंवादीही असतात. चेहरा धीरगंभीर दाखविलेला असला, तरी कुंचल्याचे फटकारे अस्वस्थ असू शकतात.

कर्त्याने कलाकृतीत प्रकट व्हावे, ही अपेक्षा सर्व संस्कृतींत व सर्व काळांत सारखी नव्हती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या कर्त्यांची नावे ज्ञात नाहीत. उलट, कर्नाटकातील होयसळ मंदिरांच्या शिल्पांवर मल्लितम्म यासारख्या शिल्पकारांची नावे कोरलेली आढळतात. मराठी संतकवींच्या अभंगांत अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा येते. अशा ठिकाणी कर्ता नावाने उपस्थित असतो, रूपाने नव्हे. स्वतःचा चेहरा हाच कलेचा स्वतंत्र विषय होण्यासाठी कलावंताच्या सामाजिक स्थानात बदल व्हावा लागला आणि त्याच्या हाती योग्य साधनही यावे लागले. यूरोपात या दोन्ही गोष्टी पंधराव्या-सोळाव्या शतकांत घडून आल्या.

आरसा व त्याचे परिणाम : माणसाला स्वतःचा चेहरा प्रत्यक्ष पाहता येत नाही. छायाचित्रणाच्या शोधापूर्वी त्यासाठी आरसा अपरिहार्य होता. मध्ययुगाच्या अखेरीस यूरोपात काचेचे लहान बहिर्गोल आरसे व घासून चकचकीत केलेल्या धातूचे आरसे वापरात होते. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांनी सपाट काचेमागे कथिल व पारा यांच्या मिश्रणाचा लेप देऊन स्वच्छ प्रतिबिंब दाखविणारे आरसे तयार केले. ते दीर्घकाळ महाग होते. पार्मीजानीनो (१५०३–४०) या इटालियन चित्रकाराने सु. १५२४ मध्ये लाकडाच्या बहिर्गोल फलकावर स्वतःचे बहिर्गोल आरशातील प्रतिबिंब रंगविले. त्याचा व्यास सु. २४ सेंमी. आहे. आरशाजवळचा हात त्यात मोठा व खोलीच्या भिंती वाकलेल्या दिसतात. हे चित्र आता व्हिएन्ना येथील संग्रहालयात आहे.

आरशामुळे आत्मव्यक्तिचित्रांत काही खुणा राहतात. चित्रातील नजर बहुधा थेट प्रेक्षकाकडे रोखलेली असते व डोळ्यांभोवती एकाग्रतेचा ताण जाणवतो. याचे कारण असे, की चित्रकार त्या वेळी स्वतःचे निरीक्षण करीत असतो. आरशात डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल होते. त्यामुळे उजव्या हाताने काम करणारा चित्रकार प्रतिबिंबात डावखुरा दिसतो. शिवाय काम करणारा हात सतत हलत असल्याने त्याचे चित्रण अवघड असते. म्हणून अनेक चित्रांत तो झाकलेला, अर्धवट वा अजिबात न दाखविलेला आढळतो. व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) याने डिसेंबर १८८८ मध्ये स्वतःच्या डाव्या कानाला इजा करून घेतली. परंतु जानेवारी १८८९ मधील त्याच्या आत्मव्यक्तिचित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. आरशात जे दिसले तेच त्याने रंगविले. चित्राचा पुरावा म्हणून उपयोग करताना ते कसे तयार झाले हे आधी जाणून घ्यावे लागते, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

प्रबोधनकाल : यूरोपीय परंपरेतील आरंभीच्या स्वतंत्र आत्मव्यक्तिचित्रांत यान व्हान आयिक याच्या १४३३ च्या, लाल शिरोवस्त्र घातलेल्या पुरुषाच्या चित्राचा बहुधा समावेश करतात. चित्रकाराने स्वतःचेच हे चित्र काढले असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. चित्राच्या चौकटीवर त्याने आपले नाव व तारीख नोंदविली आहे.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने या प्रकाराला निश्चित स्थान मिळवून दिले. वयाच्या तेराव्या वर्षी, १४८४ मध्ये, त्याने रौप्यशलाकेने स्वतःचे रेखाचित्र काढले. त्यात एक हात बाहीत झाकलेला आहे. आपण लहान असताना आरशात पाहून हे काढले, अशी नोंद त्याने पुढे स्वतःच त्यावर केली. म्हणजे या एकाच कागदावर मुलाची रेषा आणि त्या मुलाकडे मागे वळून पाहणाऱ्या प्रौढाचे अक्षर अशा दोन काळांचे लेखन आहे. १४९३ व १४९८ मधील चित्रांनंतर १५०० मध्ये त्याने काढलेले व सध्या म्यूनिक येथे असलेले चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात तो पूर्णतः समोरून दिसतो. ही मांडणी त्या काळी प्रामुख्याने ख्रिस्ताच्या प्रतिमेसाठी वापरली जाई. चित्रावरील लॅटिन लेखात त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःला रंगविल्याचे म्हटले आहे. तेथे रंगांना लावलेल्या विशेषणाचा अर्थ ‘स्वतःचे’ असा होतो, तसाच ‘टिकाऊ’ असाही लावता येतो. चित्रकाराची ओळख आणि काळावर मात करण्याची त्याची आकांक्षा या दोहोंचा उच्चार त्यात एकाच शब्दात झाल्याचे मानता येते.

याच काळात स्वतःचा चेहरा मोठ्या कथाचित्रात गुंफण्याची प्रथाही होती. मायकेलअँजेलो (१४७५–१५६४) याच्या सिस्टाइन चॅपेलमधील अंतिम न्यायनिवाड्याच्या भित्तिचित्रात (१५३६–४१) संत बार्थॉलोम्यूच्या हाती सोललेली कातडी आहे. तिच्यावरील विरूप चेहरा चित्रकाराचा स्वतःचा आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. काराव्हाद्‌जो (१५७१–१६१०) याने डेव्हिडच्या हातातील गोलिअथच्या छिन्न मस्तकाला आपला चेहरा दिला. स्त्री-चित्रकारांच्या दृष्टीने या प्रकाराचे महत्त्व निराळे होते. सोफोनिस्बा आंग्वीस्सोला (मृत्यू १६२५) हिने चित्रफलकापुढे काम करीत असलेली स्वतःची चित्रे काढली. आर्तेमीझ्या जेंतिलेस्की (१५९३–सु. १६५४) हिने सु. १६३८-३९ मध्ये स्वतःला चित्रकलेचे मूर्तिमंत रूप म्हणून रंगविले. चित्रकला या अमूर्त कल्पनेला स्त्रीरूप देण्याचा संकेत होता, त्यामुळे ही एकरूपता पुरुष-चित्रकाराला साधणारी नव्हती.

द्येगो व्हेलाथ्केथ (१५९९–१६६०) याच्या लास मेनिनास (१६५६) या चित्रात तो स्वतः राजकन्येच्या परिवारात, हाती कुंचला घेऊन उभा आहे. त्याच्या छातीवर सँटिआगो या सरदारवर्गाचा लाल क्रूस दिसतो. परंतु त्या वर्गात त्याला १६५९ मध्ये प्रवेश मिळाला, म्हणजे क्रूस नंतर रंगविला गेला. चित्रातील क्षण एकच भासत असला, तरी त्यात किमान तीन वर्षांचे अंतर सामावलेले आहे.

रेम्ब्रँट : डच चित्रकार रेम्ब्रँट व्हान राइन (१६०६–६९) याची आत्मव्यक्तिचित्रे या प्रकारातील सर्वश्रेष्ठ मानली जातात. सु. ४० रंगचित्रे, ३१ अम्लरेखने व काही रेखाचित्रे अशी त्यांची संख्या असून ती सु. १६२८ पासून मृत्यूच्या वर्षापर्यंत, म्हणजे चार दशकांत विखुरलेली आहेत. इतक्या सातत्याने स्वतःचा चेहरा पाहणारा त्याच्या आधीचा दुसरा चित्रकार नाही.

लायडन येथील आरंभीच्या चित्रांपैकी एकात चेहऱ्याचा बहुतेक भाग सावलीत असून प्रकाश केवळ गाल, कान व मानेवर पडला आहे. दाट केसांतील प्रकाशित बटा ओल्या रंगात कुंचल्याच्या मागच्या टोकाने ओरखडून दाखविल्या आहेत. सु. १६३० मधील लहान अम्लरेखनांत तो डोळे विस्फारलेला, हसणारा, ओरडणारा असा दिसतो. ही मुख्यतः भावदर्शनाची तालीम होती. आरशापुढे उभे राहून मनातील भाव चेहऱ्यावर आणून पाहावेत, असा उपदेश त्याचा शिष्य साम्यूएल व्हान होखस्ट्राटेन याने १६७८ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. १६४० च्या चित्रात चौतीस वर्षांचा रेम्ब्रँट कठड्यावर हात टेकून, सोळाव्या शतकातील उंची पोषाखात बसला आहे. ही बैठक राफेएल व तिशन यांच्या चित्रांवरून घेतलेली आहे. यशस्वी चित्रकाराने इटालियन श्रेष्ठांच्या पंक्तीत स्वतःचे आसन मांडल्याचे ते दर्शक आहे.

पुढील काळ आपत्तींचा होता. १६४२ मध्ये पत्नी सास्किया निवर्तली. १६५६ मध्ये त्याने कर्जफेडीची असमर्थता जाहीर केली आणि त्याचा संग्रह व घर विकले गेले. १६६३ मध्ये सहचरी हेंड्रिक्ये व १६६८ मध्ये मुलगा टिटुस मरण पावला. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातील १६५८ चे चित्र ऐन दिवाळखोरीच्या काळातील आहे. पण त्यात तो सोनेरी-पिवळ्या वस्त्रांत, हाती काठी घेऊन, सिंहासनावरील राजासारखा बसला आहे. लंडन येथील केनवुड हाउसमधील सु. १६६५ च्या चित्रात तो रंगधानी व कुंचले घेऊन उभा असून मागील भिंतीवर दोन मोठ्या वर्तुळांचे भाग दिसतात. क्ष-किरण छायाचित्रावरून असे आढळले, की या चित्रात त्याने हात प्रथम आरशात दिसले तसेच रंगविले होते व नंतर त्यांची बाजू बदलली. १६६९ मधील, लंडनच्या राष्ट्रीय कलावीथीतील चित्रात हातांत आधी कुंचला होता. तो काढून टाकून त्याने हात एकमेकांत गुंफलेले दाखविले. म्हणजे ही चित्रे केवळ प्रतिबिंबाची नोंद नाहीत. काय ठेवावे व काय वगळावे याचा निर्णय प्रत्येक टप्प्यावर घेतलेला आहे.

अर्थनिर्णयाचा वाद : ही चित्रे क्रमाने मांडून पाहिली, की एका आयुष्याची कथा आपोआप उभी राहते : उमेदीचे तारुण्य, वैभव, पडझड आणि अखेरची शांती. एकोणिसाव्या शतकापासून त्यांचे वाचन याच रीतीने, रंगांतील आत्मचरित्र म्हणून, होत आले. जर्मन तत्त्वज्ञ गेओर्ग झिमेल याने १९१६ च्या आपल्या रेम्ब्रँटविषयक ग्रंथात या वाचनाला तात्त्विक बैठक दिली. त्याच्या मते, रेम्ब्रँटच्या चेहऱ्यांत एखादा सुटा क्षण गोठलेला नसतो. तोवरचे सारे जगणे त्या क्षणात साठून आलेले असते. अमेरिकन कलेतिहासकार एच. पेरी चॅपमन यांनी १९९० मध्ये ही चित्रे स्वत्वाच्या सातत्यपूर्ण शोधाचा भाग म्हणून मांडली.

याला डच अभ्यासक एर्न्स्ट व्हान डे वेटरिंग यांनी आक्षेप घेतला. लंडन व हेग येथे १९९९ मध्ये भरलेल्या रेम्ब्रँटच्या आत्मव्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी मांडलेला युक्तिवाद असा : सतराव्या शतकात आत्मव्यक्तिचित्र या अर्थाचा शब्दच प्रचारात नव्हता, ‘रेम्ब्रँटने केलेले रेम्ब्रँटचे चित्र’ अशा प्रकारे त्याचा उल्लेख होई. अशा चित्राला गिऱ्हाईक असे. प्रख्यात माणसाचा चेहरा आणि ज्या हस्तकौशल्यामुळे तो प्रख्यात झाला त्याचा नमुना, असा दुहेरी लाभ संग्राहकाला एकाच चित्रातून होई. काही चित्रे तर पोषाख व मुखभाव यांच्या नमुन्यांसाठी काढलेली होती. आत्मपरीक्षणाची आजची कल्पना त्यांवर लादणे म्हणजे रोमँटिक काळाची दृष्टी मागील शतकावर आरोपित करणे होय.

संग्राहकांच्या आवडीला दुसरीकडूनही आधार मिळतो. फ्लॉरेन्सचा कार्डिनल लेओपोल्दो दे मेदिची (१६१७–७५) याने चित्रकारांच्या आत्मव्यक्तिचित्रांचा खास संग्रह सुरू केला. तो आज उफीत्सी कलावीथीत असून या प्रकारातील जगातील अग्रगण्य संग्रह आहे.

कर्तृत्वनिर्णयाच्या प्रश्नामुळे हा वाद अधिक तीव्र होतो. रेम्ब्रँटचे शिष्य सरावासाठी त्याच्या आत्मव्यक्तिचित्रांच्या नकला करीत. हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयातील, गळ्याशी लोखंडी चिलखतपट्टी असलेले सु. १६२९ चे चित्र दीर्घकाळ त्याच्या तरुणपणीच्या आत्मविश्वासाचे द्योतक म्हणून वाखाणले जाई. अवरक्त किरणांच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत रंगाखाली काळजीपूर्वक आखलेले रेखन आढळले. रेम्ब्रँटची ही पद्धत नव्हती. न्यूरेंबर्ग येथील मोकळ्या हाताने रंगविलेले चित्र मूळ असून हेगचे चित्र ही त्याची समकालीन नक्कल आहे, असे १९९९ च्या सुमारास मान्य झाले. ज्या चेहऱ्यात रसिकांनी कर्त्याचे अंतःकरण वाचले, तो दुसऱ्याच हाताने काढलेला निघाला. चित्रातून कर्त्याचा स्वभाव वाचण्याच्या सवयीला यातून मिळालेला इशारा गंभीर आहे.

असे असले, तरी आत्मचरित्रपर वाचन पूर्णतः निराधार ठरत नाही. गिऱ्हाइकासाठी काढलेले चित्र प्रामाणिक असू शकत नाही, असा नियम नाही. वार्धक्यातील चित्रांत सैल त्वचा, सुजलेले नाक, डोळ्यांखालच्या पिशव्या यांचे चित्रण चेहरा सुंदर दिसावा म्हणून सौम्य केलेले नाही. शिवाय रंगलेपनाची पद्धतीही बदलली. तारुण्यातील गुळगुळीत पृष्ठ जाऊन रंगाचे जाड, ओबडधोबड थर आले, कपाळ व गाल रंगाच्या द्रव्यातूनच घडविलेले भासू लागले. वय हे येथे केवळ विषय म्हणून येत नाही. ते हाताच्या कामातही उतरलेले आहे. चित्रकाराच्या मनात काय होते हे चित्र सांगू शकत नाही. त्याने काय पाहिले व ते कसे मांडले, हे मात्र त्यातून निश्चित कळते.

चित्र आणि काळ : जर्मन समीक्षक लेसिंग याने १७६६ मध्ये, काव्य ही काळात व चित्र ही अवकाशात वावरणारी कला होय, असा भेद केला. चित्रकाराला एकच क्षण निवडता येतो. म्हणून मागचे व पुढचे ज्यातून सुचेल असा अर्थगर्भ क्षण त्याने निवडावा, असे त्याचे म्हणणे होते. आत्मव्यक्तिचित्र या भेदात नीट बसत नाही. ते काढावयास अनेक बैठका लागतात आणि तेवढ्यात चेहरा व प्रकाश दोन्ही बदलतात. चित्रातील मुद्रा ही कोणत्याही एका क्षणाची नसून अनेक क्षणांतील निरीक्षणांतून जुळविलेली असते. त्यावर पुढील शतकांत पिवळे पडलेले रोगण, रंगाला गेलेले तडे व जीर्णोद्धाराच्या खुणा यांचीही भर पडते.

अमेरिकन कलेतिहासकार जॉर्ज कुब्लर यांनी १९६२ मध्ये भूतकालीन कलाकृतींची तुलना ताऱ्यांच्या प्रकाशाशी केली. तो प्रकाश आज दिसत असला, तरी पूर्वी केव्हा तरी निघालेला असतो. ऐतिहासिक घटना पुन्हा अनुभवता येत नाही. कलाकृती मात्र त्या काळाचा प्रत्यक्ष उरलेला अंश असते. इतिहासग्रंथ भूतकाळाविषयी सांगतो, आत्मव्यक्तिचित्र भूतकाळातील वस्तूच समोर ठेवते. म्हणूनच प्रेक्षकाला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याकडे पाहत असल्याचा भास होतो. तो पाहत होता स्वतःकडेच, हे विसरले जाते.

प्रतिमा आणि काळ यांच्या या नात्याची सूक्ष्म जाण प्राचीन भारतीय नाट्यवाङ्मयात आढळते. भासाच्या नावावर असलेल्या प्रतिमानाटकात आजोळाहून परतणारा भरत प्रतिमागृहात शिरतो. तेथे केवळ दिवंगत राजांच्या प्रतिमा ठेवतात हे कळल्यावर, आणि त्यांत दशरथाची प्रतिमा पाहून, त्याला पित्याच्या मृत्यूची वार्ता समजते. प्रतिमेचे अस्तित्व हाच येथे मृत्यूचा पुरावा ठरतो. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात राम, सीता व लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. शूर्पणखेचे चित्र दिसताच सीता भयभीत होते आणि हे केवळ चित्र आहे, असे रामाला तिला सांगावे लागते. गेलेला वियोग चित्रात पाहून ती घाबरते, त्याच दिवशी पुढचा वियोग घडावयाचा असतो. चित्र भूतकाळ दाखवीत असताना पाहणाऱ्याच्या मनात तो वर्तमान होतो व भविष्याची छायाही त्यावर पडते, असा काळाचा तिहेरी संबंध भवभूतीने या प्रसंगातून सूचित केला आहे.

भारतीय परंपरा : भारतात मोगल चित्रशाळेत चित्रकारांची रूपे प्रथम ठळकपणे दिसू लागतात. अकबरासाठी सिद्ध झालेल्या निजामीच्या खम्साच्या हस्तलिखितात जहांगीरच्या आज्ञेने अखेरीस एक चित्र जोडण्यात आले. त्यात चित्रकार दौलत व हस्तलेखनकार अब्दुर्रहीम अंबरीन कलम समोरासमोर बसून काम करीत आहेत. हे हस्तलिखित आता ब्रिटिश ग्रंथालयात आहे. गुलेर येथील पहाडी चित्रकार नैनसुख (सु. १७१०–७८) याचे सु. १७३० चे अपूर्ण आत्मव्यक्तिचित्र उपलब्ध आहे. त्याचा आश्रयदाता बलवंतसिंग चित्र न्याहाळत असल्याच्या एका प्रसिद्ध चित्रात नैनसुख त्याच्यामागे हात जोडून नम्रपणे उभा दिसतो. १७६३ मध्ये हरिद्वारच्या पंड्याच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने नोंद केली व तीसोबत रेखाचित्रही काढले. वंशावळी जपणाऱ्या वहीत चित्रकाराने आपली कलाही अशा रीतीने नोंदवून ठेवली.

आधुनिक काळात अमृता शेरगिल (१९१३–४१) हिने पॅरिसमधील शिक्षणाच्या काळात अनेक आत्मव्यक्तिचित्रे काढली. १९३४ मधील ‘ताहितीयन’ रूपातील चित्रात तिने गोगँच्या ताहिती स्त्रियांच्या चित्रांतील दृष्टी स्वतःच्या देहाकडे वळविली. पाहणारी व पाहिली जाणारी या दोन्ही भूमिका तिने येथे स्वतःकडे घेतल्या. तिचा भाचा, चित्रकार विवान सुंदरम याने २००१-०२ मध्ये कुटुंबातील जुन्या छायाचित्रांचे संगणकाच्या साहाय्याने संयोजन करून तिच्या प्रतिमेची नवी मांडणी केली. त्यात निरनिराळ्या काळांतील व्यक्ती एकाच चौकटीत आल्या आहेत. मुंबईच्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’च्या (१९४७) संस्थापकांपैकी फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) हा मूळचा गोव्याचा. त्याच्या नग्न आत्मव्यक्तिचित्रावरून १९४९ मध्ये मुंबईत वादंग माजले. भूपेन खक्कर (१९३४–२००३) याने १९८१ च्या एका चित्रात सज्जात उभ्या असलेल्या पाठमोऱ्या नग्न पुरुषाच्या रूपाने स्वतःला दाखविले. खाली बाप, मुलगा व गाढव यांची सर्वपरिचित बोधकथा टप्प्याटप्प्याने घडताना दिसते. कथेचा क्रमवार काळ आणि पाहणाऱ्याचा स्थिर क्षण असे दोन काळ त्यात शेजारी ठेवलेले आहेत.

विसाव्या शतकातील प्रयोग : व्हान गॉखने १८८६ ते १८८९ या अल्पावधीत पस्तीसहून अधिक आत्मव्यक्तिचित्रे काढली. त्यांतील बहुतेक पॅरिसमधील असून नमुनापात्रांना देण्यास पैसे नसणे, हे त्यामागील एक साधे कारण होते. जर्मन चित्रकर्ती केटे कोलव्हित्स (१८६७–१९४५) हिची अशी चित्रे शंभरावर आहेत. १९१४ मध्ये तिचा धाकटा मुलगा युद्धात मारला गेला. नंतरच्या तिच्या चेहऱ्यांत वैयक्तिक शोक आणि एका पिढीचा शोक वेगळे करता येत नाहीत. फिनलंडची हेलेन श्येर्फबेक (१८६२–१९४६) हिने १९४४-४५ मध्ये सु. वीस आत्मव्यक्तिचित्रे रंगविली. त्यांत चेहरा क्रमाक्रमाने कवटीच्या आकाराकडे झुकत जातो व तपशील गळून पडतात. मेक्सिकोच्या फ्रीडा काहलो (१९०७–५४) हिने १९२५ च्या भीषण अपघातानंतर अंथरुणास खिळलेली असताना, पलंगावर लावलेल्या आरशाच्या आधाराने चित्रे काढण्यास आरंभ केला.

पोलिश चित्रकार रोमान ओपाल्का (१९३१–२०११) याने चेहरा बाजूला ठेवून काळच रंगविण्याचा प्रयत्न केला. १९६५ मध्ये त्याने कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात १ हा आकडा रंगविला आणि पुढील संख्या क्रमाने लिहीत तो आयुष्यभर गेला. १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत तो एक टक्का पांढरा रंग वाढवीत असे. त्यामुळे पांढरे आकडे हळूहळू पांढऱ्यात मिसळत गेले. कामानंतर तो स्वतःचे छायाचित्र एकाच पांढऱ्या सदऱ्यात व एकाच मुद्रेने घेई. त्याने लिहिलेली अखेरची संख्या ५६०७२४९ ही आहे. ही मालिका त्याच्या मृत्यूनेच पूर्ण होणार होती.

छायाचित्रण व सद्यःस्थिती : छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच हा प्रकार त्यातही आला. अमेरिकेतील रॉबर्ट कॉर्नेलिअस याने १८३९ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्वतःचे छायाचित्र घेतले. १८४० मध्ये फ्रान्सच्या इपॉलीत बायार याने आपल्या शोधाची उपेक्षा झाल्याच्या निषेधार्थ स्वतःला बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात टिपले. छायाचित्र खरेच सांगते, हा समज रूढ होण्यापूर्वीच त्या माध्यमातून रचलेली ही कल्पित प्रतिमा होती. एकविसाव्या शतकात भ्रमणध्वनीवरील कॅमेऱ्यामुळे ‘सेल्फी’ सर्वांच्या आवाक्यात आली. आरशापुढील दीर्घ बैठकीची जागा क्षणार्धाने घेतली, तसेच प्रतिमांची संख्याही अमर्याद वाढली. पूर्वी चित्रकाराला आपला चेहरा काढण्यासाठी जो वेळ द्यावा लागे, तो त्या चेहऱ्यात साठून राही. आजच्या प्रतिमेत असा साठा नसतो. तिच्यातील काळ तिच्या तारखेपुरता असतो.

आत्मव्यक्तिचित्रांच्या अभ्यासातून दोन मर्यादा स्पष्ट होतात. कलाकृती कर्त्याचे प्रतिबिंब दाखविते, परंतु ते आरसा, बाजारपेठ, चित्रसंकेत व कर्त्याची निवड यांतून गाळून आलेले असते. तसेच अनेक चित्रे एका ओळीत मांडून आयुष्याची जी सुसंगत कथा दिसते, ती मांडणी बहुतांशी प्रेक्षकाची असते. चित्रकाराने प्रत्येक चित्र पुढचे चित्र माहीत नसताना काढलेले असते. १६४० मधील रेम्ब्रँटला १६५६ ठाऊक नव्हते. हे भान ठेवून पाहिल्यास प्रत्येक चित्र आपल्या काळाच्या अनिश्चिततेसह समोर येते आणि भूतकाळ हा आधीच ठरलेल्या घटनांचा क्रम न वाटता, त्या त्या वेळी जगला गेलेला वर्तमान म्हणून त्याचे आकलन होऊ शकते.